पिंप क्रमांक सात

मी अकरा महिन्यांच्या ऑर्डरीवरचा माणूस.
साखरतरहून कोळंबीची टरफलं आणतो
निळ्या पिंपात, वर ओलं गोणपाट,
आणि तीन विद्यापीठांच्या नावांचं लेबल
जे खाऱ्या हवेत दर गुरुवारी सुटतं.

एका विद्यापीठाकडे समुद्र आहे,
दुसऱ्याकडे कलमं,
तिसऱ्याकडे एक पांढरं मशीन,
त्याला एसीची खोली.
तिघांच्या मध्ये एकही घाट नाही, नुसत्या खाड्या,
तरी एकमेकांना फोन करायला
यांना सव्वीस वर्षं लागली.

कंडक्टर विचारतो, पिंपात काय?
आधी सांगायचो, कायटिन.
मग, टरफलं.
आता म्हणतो, संशोधन,
आणि तो नाकाला रुमाल लावून
मुकाट्यानं लगेजचं तिकीट फाडतो.

हसीनाबी होडेकर शेडच्या दाराशी सोलत बसते.
मुंडी मोडायची, पाठ उलगडायची,
काळा दोरा ओढायचा. कोळंबी बर्फात.
पैसे सोललेल्या किलोवर.
टरफल भरतीच्या तोंडी,
फार तर माडाच्या बुंध्याशी.
"ह्याचं करता तरी काय रे?"
आंब्याला लावतो, चाची.
"कोळंबी? आंब्याला?"
ती इतकी हसली
की घमेलं कलंडलं, मांजरांची ईद झाली.

पण लावतो खरंच.
नीलाक्षी मॅडम टरफल आम्लात सोडतात,
फेस येतो, चुना निघून जातो,
पुढे आणखी दोन धुणी,
आणि उरतो पांढरा पापुद्रा,
ना वास, ना चव, समुद्राची काही ओळख नाही.
तो पातळ करून आंब्याला पाजायचा,
वाऱ्यावर सुकवायचा.

विश्राम पानगल्यांनी पावसहून पाच डझन दिले.
एकोणिसाव्या दिवशी साध्या आंब्यांना डाग,
आमचे आपले लग्नघरातल्या जावयासारखे ताठ.
मॅडमनी फोटो काढले. मशीननं आलेख काढला.
विश्रामभाऊंनी एक आंबा देठाशी हुंगला,
पुन्हा हुंगला,
आणि म्हणाले, "टिकलाय. पण बोलत नाय."

त्या एका वाक्यानं तीन विद्यापीठं
सहा आठवडे भांडली.
मशीनला तो न बोलणं मोजता येईना.
शेवटी द्रावण निम्म्यावर आणलं,
मग त्याहून खाली,
आणि दर खेपेला टेस्टिंगच्या रकान्यात
मी लिहायचो: पानगले, नाक.
ते कुणी खोडलं नाही.

मार्चात करार ठरला.
मिरजोळ्याच्या एमआयडीसीतला कारखाना घेणार होता हक्क.
टंकायला माझ्याकडे आला कागद,
कारण मराठी टायपिंग येणारा मी एकटा.
कलम नऊ. कच्चा माल: विनामूल्य.
मी तो शब्द तीनदा टंकला,
तीनदा खोडला.
मग लिहिलं, किलोला चार रुपये,
थेट सोलणाऱ्यांच्या हाती,
आणि कागद बाकीच्या कागदांत ठेवून दिला.

मॅडमनी वाचला. चष्म्यावरून पाहिलं.
मला वाटलं, संपली ऑर्डर.
म्हणाल्या, "वजन ओलं धरायचं की सुकं?"
ओलं, मी म्हटलं.
त्यांनी पेनानं तेवढा एक शब्द वाढवला.

सह्या झाल्या, नारळ फुटला,
पेटंटच्या अर्जावर अकरा नावं,
त्यात आम्ही तिघं नाही.
त्याचं काय ते पुढे बघू.

आज काटा घेऊन शेडवर गेलो.
हसीनाबीनं पिंप भरलं,
माझ्याकडे पाहिलं,
बाजूच्या बादलीत तांब्या बुडवला
आणि टरफलांवर सावकाश पाणी ओतलं,
एक तांब्या, दुसरा.

मी खाडीकडे तोंड करून
लेबल चिकटवत राहिलो.